मुळा फुलला, गाजर-बीट नुसतेच पाल्यावर: घरचं बी कसं धरायचं?

परसदारी
नमस्कार मंडळी. ठिकाण नाशिक. आठ बाय चार फुटांचा एक वाफा आणि गच्चीवर १५ इंची ग्रो बॅगा. सप्टेंबरअखेर पुसा चेतकी मुळा, लांब लाल देशी गाजर, नॅन्टिस जातीचं केशरी गाजर आणि बीट, अशी चारही बियाणी पेरली. आता जानेवारीचा पहिला आठवडा. मुळा फुलून डिंगऱ्या (मुळ्याच्या शेंगा) धरायला लागल्यात. देशी गाजरांपैकी दोनांचा मधला कोंब वर चढतोय. केशरी गाजर आणि बीट नुसतेच पाल्यावर.

प्रश्न असे: एकाच वेळी पेरून फुलायचं वेळापत्रक इतकं वेगळं कसं? बी धरायला झाडं आहेत तिथेच ठेवायची की उपटून पुन्हा लावायची? किती झाडं लागतात? पलीकडच्या शेतात मोहरी आहे, तिचा मुळ्याशी संकर होईल का? आणि आधी डिंगऱ्यांची भाजी करून उरतील त्यांचं बी धरलं तर चालेल ना?

बीजमळा
मोहरीची काळजी सोडा. कुळ एक असलं तरी शेतात मोहरीचा आणि मुळ्याचा संकर होऊन बी भरत नाही. मुळ्याला धोका दुसऱ्या मुळ्याचाच. आसपास कुणाचा लाल किंवा जपानी मुळा फुललेला असेल तर मधमाश्या तुमचं बी मिसळून ठेवतील. प्रमाणित बियाण्यासाठी मुळ्याला १००० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणं वाढवतात ते) १६०० मीटर अंतर ठेवतात. गाजराला तेच ८०० आणि १००० मीटर.

आता वेळापत्रक. गाजर आणि बीट ही स्वभावाने दोन हंगामांची पिकं. पहिल्या हंगामात पाल्याने तयार केलेली साखर मुळात साठते. मग थंडीचा एक ठरावीक काळ जावा लागतो, आणि त्यानंतर तोच साठा खर्चून फुलाचा दांडा चढतो. दांडा चढल्यावर गाजर-मुळा आतून लाकडासारखा होतो तो त्यामुळेच. ही थंडी मुळाला नव्हे, डोक्यावरच्या वाढीच्या कोंबाला लागावी लागते. हे लक्षात ठेवा, पुढे छाटणी करताना कामी येईल.

आपल्याकडच्या आशियाई गटातल्या वाणांना थंडीची गरज अगदी थोडी. पुसा केसर, पुसा मेघाली, पुसा रुधिरा ही गाजरं आणि पुसा चेतकी, पुसा देशी, जॅपनीज व्हाइट हे मुळे सपाटीवर फुलतात आणि बी देतात. युरोपीय गटाला मात्र ४ ते १० अंशांत सलग सहा ते आठ आठवडे हवेत. नॅन्टिस, शांतने, पुसा यमदग्नी ही गाजरं त्यातली. मुळ्यात पुसा हिमानी, व्हाइट आयसिकल. नाशिकला जानेवारीत रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो खरा, पण दुपारी २८-३० ला जातो, आणि रात्री मिळालेली थंडी दुपारच्या उन्हात बरीचशी वाया जाते. म्हणून या वाणांचं बी थंड डोंगराळ भागातच होतं. कुल्लू खोऱ्यात कटराईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, ते याच थंड हवेच्या भाज्यांसाठी.

आणखी एक फरक. मुळ्याचं नुकतं भिजून फुगलेलं बीसुद्धा थंडीची नोंद घेतं. गाजराचं तसं नाही. रोप लहान असताना कितीही थंडी पडो, उपयोग शून्य. आठ-बारा पानांचं झालं की मगच थंडी लागू पडते. म्हणून गाजर उशिरा पेरलं तर थंडी येते तेव्हा रोप कोवळंच असतं, आणि रोप तयार होईपर्यंत थंडी सरलेली असते.

वाफा-वरंबा
डिंगऱ्यांचा तुमचा बेत उलटा करा. मुळ्याचा तुरा खालून वर फुलत जातो. खालच्या डिंगऱ्या आधी धरतात, त्यांना मुळातला साठाही मिळतो आणि गार हवाही. शेंड्याकडच्या उशिरा येतात, तोवर ऊन तापतं, मावा चढतो आणि दाणे पोचट राहतात. बियाण्याला खालच्या दोन तृतीयांश डिंगऱ्या राखा, भाजीला शेंडे खुडा. शेंडा खुडल्याने खालचे दाणे टपोरे होतात, हा वरचा फायदा.

त्याहून मोठी गोष्ट: वाफ्यातले चांगले मुळे जेवणात गेले असतील आणि राहिलेल्यांना फुलं आली असतील, तर तुम्ही निवड केलीच आहे, फक्त वाईटाची. जो मुळा सगळ्यात आधी फुलतो त्याचं बी तर अजिबात धरू नये. लवकर दांडा टाकण्याची सवय बियातून उतरते आणि चार-पाच पिढ्यांत मुळा पोसायच्या आतच तुरा दिसायला लागतो. तुमच्या देशी गाजरांतली दोन पुढे पळालीत ना, ती आजच उपटून भाजीत घाला. फुलू दिली तर बाकीच्यांवरही त्यांचा पराग पडेल.

यंदाचा मुळा आहे तसा राहू द्या, पुढच्या वर्षी असं करा. सप्टेंबरच्या मध्यावर पेरा. ४५-५० दिवसांनी, म्हणजे मुळा खाण्यालायक झाला की सगळेच उपटा आणि धुऊन एका ओळीत मांडा. फाटे फुटलेले, तडकलेले, वाणाच्या आकाराशी न जुळणारे, अंगावर तंतुमुळं फार असलेले बाजूला काढा. उरलेल्यांची शेपटाकडची पाव ते एक तृतीयांश लांबी कापा. इथे मुळा आतून दिसतो. काप पांढरा, घट्ट आणि रसदार हवा. स्पंजासारखा भुसभुशीत किंवा पोकळ दिसला तर तो बाद. पाला देठाच्या बाजूने ८-१० सेंटिमीटर ठेवून कापा, पण मधला कोंब शाबूत राहिला पाहिजे, तोच फुलणार आहे. काप सावलीत अर्धा दिवस सुकू द्या, वर लाकडाची राख चोळा. मग ओळीत ६० आणि दोन मुळ्यांत ३०-४५ सेंटिमीटर अंतर ठेवून, डोकं मातीच्या बरोबरीला येईल असं लावा आणि लगेच पाणी द्या. डोकं मातीखाली गेलं तर कुजतं, फार वर राहिलं तर सुकतं.

हिरवी_ओंजळ
एवढी उठाठेव घरच्या बागेत कशाला? मुळा जागेवर ठेवला तरी फुलतोच, उलट उपटून लावल्याने झाड आठ-दहा दिवस थबकतं. जागेवर बी जास्तही मिळतं.

वाफा-वरंबा
जास्त मिळतं हे कबूल. बीज कंपन्याही शेवटच्या पिढीचं विक्रीचं बी असंच घेतात, बी पेरायचं आणि त्याच जागी बी काढायचं. पण त्यांचं मूळ बियाणं आधीच निवडून शुद्ध केलेलं असतं. मातीत गाडलेल्या मुळ्याचा आकार, गाभा आणि चव वरून कशी कळणार? एकदा विकत आणलेलं बी फक्त वाढवायचं असेल तर जागेवर ठेवा. दरवर्षी स्वतःचंच बी वापरणार असाल तर निदान दोन वर्षांतून एकदा उपटून निवड कराच.

बीजमळा
दोघांचं म्हणणं बरोबर आहे, पण झाडांची संख्या राहून गेली. मुळ्याच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही. एकट्या मुळ्याला शेकडो फुलं येतील, मधमाश्या येतील आणि डिंगऱ्या जवळजवळ नाहीत. दोन-तीन झाडं असली की बी धरतं, पण सगळी पुढची पिढी भावंडांची, आणि दोन-चार पिढ्यांत वाण बारकं होत जातं. मुळ्याची किमान २०-२५ झाडं एकाच वेळी फुललेली हवीत. गाजराची ४० असली तर उत्तम. गाजराला जवळच्या नात्यातला संकर मुळ्यापेक्षाही जास्त बाधतो. ग्रो बॅगेत एक गाजर किंवा दोन मुळे मावतात, म्हणजे गच्चीवर ४० गाजरं कठीण. तुमच्या वाफ्यात ४५ बाय २० सेंटिमीटरवर लावली तर ३०-३२ बसतात, पण मग दुसरं काही लावू नका. किंवा ओळखीच्या दोन-तीन बागांनी मिळून एकच वाण धरावं आणि बी एकत्र करून वाटून घ्यावं.

गाजरवाले
गाजरावर कुणी सविस्तर बोललं नाही म्हणून लिहितो. बी धरायला सगळ्यात निगुतीचं पीक हेच.

पेरणी ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, उपटणी डिसेंबरात. निवड मुळ्यासारखीच, फक्त खालची एक तृतीयांश कापल्यावर गाभा नीट बघा. मधला लाकडी गाभा जितका बारीक आणि त्याचा रंग बाहेरच्या गराशी जितका जुळता, तितकं गाजर चांगलं. गाभा पिवळट आणि जाड असेल तर वरून कितीही लालबुंद असो, ठेवू नका. कापलेलं शेपूट चाखून बघा, गोडीची निवड तिथेच होते. खांद्यावर हिरवं पडलेलंही काढा. लावताना ६० बाय ३० सेंटिमीटर पुरे, जागा कमी असली तर थोडं दाट चालतं.

फेब्रुवारीत दांडा चढतो, कमरेपर्यंत किंवा त्याहून वर जातो. आधी टोकाला मुख्य छत्री, म्हणजे छत्रीसारखा फुलोरा, येते, मग बाजूच्या फांद्यांवर दुसऱ्या फळीच्या छत्र्या, मग तिसऱ्या. एकेका छत्रीत शेकडो पांढरी फुलं, आणि कडेची फुलं मधल्यांच्या आधी उमलतात. भिंग घेऊन बघा: पाच पाकळ्या, पाच पुंकेसर. परागकोश फुटून गळून गेल्यावर मगच मधल्या दोन कुक्षी लांब होऊन पराग घ्यायला तयार होतात. म्हणजे एका फुलाचा पराग त्याच फुलाला मिळतच नाही, पण त्याच झाडाच्या दुसऱ्या छत्रीचा मिळू शकतो. मधमाश्यांइतक्याच माश्या आणि गांधीलमाश्या इथे काम करतात, त्यामुळे फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका. माव्याला ५ टक्के निंबोळी अर्क मारायचाच तर संध्याकाळी, आणि शक्यतो फुलं उमलायच्या आधी.

सगळ्यात भरलेलं आणि उगवणीला जोमदार बी मुख्य छत्रीचं, त्याखालोखाल दुसऱ्या फळीचं. तिसऱ्या फळीच्या छत्र्या फुलायच्या आत कापून टाका. त्या उशिरा पिकतात, त्यांचं कच्चं बी चांगल्यात मिसळतं आणि मग उगवण निम्मी. काठीचा आधार मुख्य छत्री दिसताच द्या; एकदा आडवं झालेलं झाड सरळ करताना बुंध्यापाशी मोडतं.

नत्र जपून. लावणीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत दोन चौरस मीटरला, बस. युरिया टाकला की झाड उंच, पाला हिरवागार, छत्र्या उशिरा, आणि तोवर मार्च संपून कोरडं वारं सुरू. पारा ३५ च्या वर गेला की पराग मरतो आणि बी पोकळ राहतं. दिसायला अगदी खरं, फुंकर मारली की उडतं.

काढणी एकदम करू नका. बी पिकताना छत्री आत वळून चिमणीच्या घरट्यासारखी होते. तपकिरी झाली आणि दांडीचा वरचा भाग वाळला की ती तेवढीच कात्रीने कापून कागदी पिशवीत टाका, सकाळी दव असताना, म्हणजे बी झडत नाही. पाणी त्याच्या दोन आठवडे आधीपासून तोडत आणा. एप्रिलच्या अवकाळीची चाहूल लागली तर अर्धवट तपकिरी छत्र्याही काढून घ्या. पिकल्या छत्रीवर एक मुसळधार सर पडली की बुरशी येते. सावलीत आठवडाभर वाळवून हाताने चोळा. प्रत्येक फळाचे दोन भाग होतात, आणि आपण बी म्हणतो तो एकेक भाग. त्याच्या कडांवर बारीक काटे असतात, त्यांनी बी एकमेकांत अडकून गोळे होतात. चाळणीवर तळहाताने हलकं रगडलं की काटे झडतात. जोरात रगडलं तर बी चेपतं.

संकरित_शंका
केशरी गाजराबद्दल एक मुद्दा. पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर थंडी देऊन फुलवलं तरी बी मिळेलच असं नाही. गाजराची बरीच संकरित वाणं नरवंध्य (स्वतःचा पराग नसलेल्या) मादीवर तयार होतात आणि ती वंध्यता संकरातही उतरते. फूल जवळून बघा: पुंकेसर सुकलेले तपकिरी असतील किंवा त्यांच्या जागी जादा पाकळ्यांसारखं काही असेल तर त्या झाडात पराग नाही. मुळ्याच्या संकरितांतही हे होतं. त्या वंध्यतेचा एक प्रसिद्ध स्रोत १९६८ मध्ये जपानात ओगुरा यांना मुळ्यातच सापडला. शेजारच्या दुसऱ्या वाणाचा पराग पडून बी धरलंच, तर येईल ते भलतंच. बी धरायचं तर सरळ वाणच घ्या.

परसदारी
मंडळी, खूप उपयोगाचं. नॅन्टिसचं पाकीट तपासलं, सरळ वाण आहे, संकरित नाही. फ्रिजमध्ये ठेवून फुलवता येईल का? आणि बीटाचं कुणीच बोललं नाही.

बीजमळा
नॅन्टिसला फ्रिज चालतो, पण तारखा जमवायला हव्यात. आता जानेवारीत ठेवली तर मार्चमध्ये बाहेर येतील आणि आल्याबरोबर उन्हाळा. थंडीनंतर लगेच सलग तापलं की मिळालेला परिणाम पुसला जातो. पुढच्या हंगामात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हाती येतील अशी गाजरं करा किंवा डोंगराळ भागातून आलेली, माती लागलेली, देठ शिल्लक असलेली मिळवा. बाजारात मशिनने धुतलेल्या गाजराचा डोक्याचा भाग पुष्कळदा इतका खोल कापलेला असतो की कोंबच गेलेला. पाला दोन सेंटिमीटरवर कापा, गाजर धुऊ नका, किंचित ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा. तापमान ४-५ अंश, मुक्काम आठ आठवडे. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी नकोत. त्यांच्या वायूने गाजर कडवट होतं आणि कोंबही बिघडतो. दर आठवड्याला उघडून मऊ पडलेलं काढून टाका. डिसेंबरच्या मध्यावर लावा. नाशिक, सातारा, पुणे इथे जमण्यासारखं आहे. कोकणात खटाटोप वाया जाईल.

बशीत पाणी घालून गाजराचं डोकं ठेवतात, त्याला पाला येतो, फुलं येत नाहीत. एक सेंटिमीटरच्या चकतीत दांडा चढवण्याइतका साठा कुठून असणार?

बीटाचा नाद मात्र सोडा. त्याला दहा-बारा आठवडे थंडी हवी आणि वर दांडा चढताना मोठा दिवस हवा. थंडी फ्रिजने देता येईल, दिवस कुठून आणणार? आपल्याकडे २१ जूनलाही दिवस सव्वातेरा तासांच्या आतबाहेर, आणि तोवर पाऊस. थंड प्रदेशातली बीटं फुलतात ती १४ तासांच्या पुढच्या दिवसांत.

पानपालक
बीटाबद्दल भर. आपल्या बाजारातला गुळगुळीत, रुंद पानांचा पालक, पुसा ऑल ग्रीन, पुसा ज्योती वगैरे, हा वनस्पतिशास्त्राने बीटाचाच भाऊ. युरोपातला स्पिनॅच वेगळा. हा पालक मात्र आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये सहज फुलतो. दोघांचा पराग वाऱ्यावर जातो आणि लांब जातो, संकर होतो. त्यामुळे थंड हवेच्या ठिकाणी कुणी बीटाचं बी धरत असेल तर आसपासचा पालक फुलू देऊ नये. बीटाचं बी म्हणून जे खरखरीत बोंड मिळतं त्यात दोन ते पाच-सहा बिया असतात, एका जागी रोपांचा झुपका येतो तो त्यामुळे. बोंड रात्रभर भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुवा, सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात ती निघून जातात.

जर्सीकर
न्यू जर्सीतून. इथे थंडीचा प्रश्न नाही, गाजरं ० ते ४ अंशांत वाळूत ठेवून एप्रिलमध्ये लावली की फुलतातच. आमची डोकेदुखी रानगाजर. रस्त्याच्या कडेला जुलैभर पांढऱ्या छत्र्या असतात आणि त्यांचा बागेतल्या गाजराशी बिनबोभाट संकर होतो. पुढच्या वर्षी त्या बियातून पांढरी, बारीक, दोरीसारखी मुळं निघतात. इथल्या मराठी मंडळींनी देशी लाल गाजराचं बी आणून धरायचं ठरवलं तर छत्र्यांना बारीक जाळीची पिशवी घालावीच लागेल. पण जाळीत माशी जात नाही, म्हणून हातानेच परागीभवन: रोज सकाळी दहाच्या सुमारास मऊ रंगब्रश एका झाडाच्या छत्रीवरून दुसऱ्यावर फिरवायचा, फुलोरा संपेपर्यंत रोज. दोन वाणं एकदम धरायची असतील तर एक दिवस एकाला जाळी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. उघडं असेल त्याचं काम माश्या करतात. बी निम्म्यावर येतं, पण शुद्ध राहतं.

परसदारी
शेवटचं. मुळ्याच्या पहिल्या डिंगऱ्या पिवळ्या पडायला लागतील तेव्हा काय करायचं? आणि बी किती टिकतं?

वाफा-वरंबा
पिवळ्या पडल्या तरी थांबा. डिंगरी फिक्कट तपकिरी होऊन चिपाडासारखी हलकी झाली पाहिजे. मोहरीसारखी ती तडकत नाही, त्यामुळे घाई नाही. घाई असते ती पोपटांना आणि चिमण्यांना, म्हणून वरून जाळी टाका. पाऊणएक डिंगऱ्या वाळल्या की झाड बुंध्यातून कापून उलटं टांगा.

मळणीला मुळा चिवट. डिंगरीच्या आत पांढरा बुचासारखा गर असतो आणि दाणे त्यात रुतलेले. सकाळच्या दमट हवेत बडवलं तर डिंगऱ्या नुसत्या चपट्या होतात. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून दुपारी दोनच्या सुमारास, हातात घेतली की कटकन मोडेल अशा अवस्थेत, गोणपाटात भरून काठीने बडवा. मग सूप. भरलेला दाणा तांबूस-तपकिरी आणि गोलसर असतो. सुरकुतलेले, फिक्के दाणे पाखडताना जाऊ द्या. एका ग्रॅममध्ये मुळ्याचे साधारण १०० दाणे बसतात, गाजराचे ८०० च्या आसपास, त्यामुळे घरापुरतं मुळ्याचं ५० ग्रॅम बी चिक्कार झालं.

टिकण्याबद्दल: मुळा चार-पाच वर्षं, गाजर तीन, तेही कोरडं असेल तर. प्रमाणित बियाण्यात मुळ्याला ६ आणि गाजराला ८ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. घरी मोजता येत नाही, पण मुळ्याचा दाणा फरशीवर ठेवून बत्त्याने ठोकला तर फुटला पाहिजे, चेपता कामा नये. कागदी पाकिटात भरून, वाण आणि वर्ष लिहून, काचेच्या बरणीत सिलिका जेल किंवा भाजून गार केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पेरणीच्या वेळी बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नका, रात्रभर तशीच राहू द्या. गार बरणी पावसाळी हवेत उघडली की आत पाणी सुटतं आणि उरलेलं बी खराब होतं.